घण, ऐरण आणि मधले लोखंड

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



बेळगावहून बागलकोटकडे जाणारा रस्ता दहाएक किलोमीटरवर सांबऱ्याला पोहोचतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, येथे विमानांची धावपट्टी तयार झाली आणि गावाचे नाव दूरवर गेले. परंतु या टापूतील कोणत्याही गावाप्रमाणे येथील शेतीही पिढ्यानपिढ्या उभी राहिली ती लोहाराच्या भात्यावर. नांगराचा फाळ, कुळवाची पास, बैलगाडीच्या चाकाची धाव, विळा, खुरपे, कोयता. यांतले काहीच ऐरणीवर पडल्याशिवाय शेतात जात नसे. शाळा सुटल्यावर लोहारसाळेच्या दाराशी रेंगाळणाऱ्या मुलांना तेथे एक नवल दिसे. भट्टीतून काढलेल्या लालबुंद लोखंडावर घण पडला की तो तेथेच बसे. आवाजही दबका येई. दोन घावांच्या मधल्या वेळात लोहार आपली हातोडी नुसत्या ऐरणीवर टेकवी, तेव्हा मात्र ती टणकन उसळून वर येई. ऐरण तीच, लोहारसाळ तीच. एकदा हत्यार परत येते, एकदा येत नाही. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात ज्यांना स्थितिस्थापक आणि अस्थितिस्थापक टक्कर अशी भारदस्त नावे आहेत, त्या दोन्ही टकरी या दाराशी उभे राहून नुसत्या कानांनी ओळखता येत. आजच्या भाषणाचा विषय या दोन टकरींचा हिशेब हा आहे. त्यात घण आणि ऐरण यांच्याइतकेच महत्त्व त्या दोहोंच्या मध्ये सापडणाऱ्या तिसऱ्या वस्तूला आहे, आणि अखेरीस बोलायचे आहे ते तिच्याविषयी.

प्रथम शब्दांविषयी थोडे, कारण हे ग्रंथालयाचे व्यासपीठ आहे. ‘स्थितिस्थापक’ हा शब्द परकीय संज्ञेला प्रतिशब्द हवा म्हणून कोणी काल घडवलेला नाही. वैशेषिक दर्शनात ‘संस्कार’ नावाच्या गुणाचे तीन प्रकार सांगितले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या ग्रंथात, ज्याच्यावर संस्कृत पाठशाळांतील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या वाढल्या, हे तीन प्रकार येतात. वाकवलेली वस्तू सोडताच पूर्ववत होते, ती या तिसऱ्या संस्कारामुळे. ‘संवेग’ हा शब्द पातंजल योगसूत्रांत साधकाच्या तळमळीच्या तीव्रतेसाठी आला आहे. यावरून प्राचीनांना टकरीचे नियम ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह मात्र आवरावा. शब्द होते, मोजमाप नव्हते. आणि या विषयात सारा प्रश्न मोजमापाचाच आहे.

ते मोजमाप युरोपातही सहजासहजी साधले नाही. देकार्तसारख्या प्रज्ञावंताने १६४४ साली टकरीचे सात नियम दिले आणि त्यांतले बहुतेक चुकीचे ठरले. चुकीचे मूळ एकच होते: त्याने गती मोजली, तिची दिशा हिशेबात घेतली नाही. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आणि वेगाला दिशा असते. समोरासमोर सारख्या वेगाने येणाऱ्या दोन सारख्या गाड्यांचा एकूण संवेग दुप्पट नसतो, तो शून्य असतो. ही गोष्ट ज्याला प्रथम नीट उमगली तो हॉलंडचा ख्रिस्तियान हायगेन्स. त्याची युक्ती त्याच्या देशातील कालव्यांना साजेशी होती. नावेत उभा असलेला मनुष्य दोन हातांत दोऱ्यांना टांगलेले दोन सारखे कठीण गोळे धरतो आणि सारख्याच वेगाने एकमेकांवर आदळवतो. ते तितक्याच वेगाने मागे उसळतात. यात शंका घेण्यासारखे काही नाही. आता नाव स्वतः त्याच वेगाने चालली आहे असे समजू. काठावरच्या माणसाला काय दिसेल? एक गोळा स्थिर आहे, दुसरा दुप्पट वेगाने येऊन त्यावर आदळतो. मग आलेला गोळा जागच्या जागी थांबतो आणि स्थिर असलेला तोच दुप्पट वेग घेऊन निघून जातो. एकच टक्कर, पाहणारे दोन. गोट्या खेळणाऱ्या प्रत्येक मुलाने हे पाहिलेले असते: नेम बरोबर मध्यावर बसला तर आपली गोटी तेथेच राहते आणि समोरची तिची गती घेऊन पळते.

लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६८ मध्ये हा प्रश्न विद्वानांपुढे ठेवला. जॉन वॉलिस याने न उसळणाऱ्या वस्तूंचे नियम पाठवले. क्रिस्टोफर रेन आणि हायगेन्स यांनी उसळणाऱ्या वस्तूंचे. तिघांचेही बरोबर होते, पण ते निरनिराळ्या टकरींविषयी बोलत होते. पुढे न्यूटनने १६८७ च्या आपल्या महाग्रंथात या दोन टोकांमधली जागा मोजून भरली. दोऱ्यांना टांगलेले गोळे एकमेकांवर सोडून त्याने पाहिले की, घट्ट वळलेल्या लोकरीचे गोळे जवळ येण्याच्या वेगाच्या नवांश पाच वेगाने दूर जातात, तर काचेचे गोळे सोळांश पंधरा वेगाने. पूर्ण स्थितिस्थापक आणि पूर्ण अस्थितिस्थापक ही पुस्तकातली दोन टोके होत. व्यवहारातल्या टकरी लोकरीपासून काचेपर्यंत कोठेतरी पडतात.

या सर्व टकरींत एक गोष्ट मात्र कधी बदलत नाही. टक्कर चालू असताना पहिली वस्तू दुसरीला जितक्या बलाने ढकलते, तितक्याच बलाने दुसरी पहिलीला उलट ढकलते, आणि दोघींचा हा व्यवहार अगदी सारखाच वेळ चालतो. म्हणून एकीने जितका संवेग गमावला, नेमका तितकाच दुसरीने कमावला. वस्तू उसळो, चिकटो, चेंदामेंदा होवो, संवेगाच्या वहीत जमाखर्च जुळतोच. गतिज ऊर्जेची वही वेगळी आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, आणि वर्ग केला की दिशा पुसली जाते. त्यामुळे समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांचे संवेग एकमेकांना छेद देतात, पण त्यांच्या ऊर्जांची बेरीजच होते. गाड्या एकमेकींत रुतून थांबल्या तर ती सारी ऊर्जा कोठेतरी जावीच लागते.

कोठे जाते, हे दाखवणारा एक साधा प्रयोग १७२२ साली हॉलंडमध्येच ‘स ग्राव्हेसांडे या प्राध्यापकाने केला. पितळेचे गोळे त्याने मऊ चिकणमातीवर निरनिराळ्या उंचीवरून टाकले. वेग दुप्पट झाला की खड्डा दुप्पट होत नव्हता, चौपट होत होता. मातीच्या त्या खड्ड्यांनी लायब्निझने १६८६ पासून चालवलेल्या वादाला मोठे बळ दिले. कुंभाराच्या घरी कोणालाही करता येईल असा हा प्रयोग आपल्याकडील शाळांत क्वचितच होतो, ही खेदाची गोष्ट आहे. खड्डा पाडण्यात खर्ची पडलेली ऊर्जा पुढे उष्णतेच्या रूपाने कशी मोजता येते हे जूलने १८४० च्या दशकात दाखवले, तेव्हा कोठे ‘हरवलेल्या’ ऊर्जेचा पत्ता पूर्ण लागला. थंड लोखंडाचा तुकडा ऐरणीवर ठेवून भराभर ठोकला तर तो हाताला ऊन लागतो, हे लोहाराला अर्थातच त्याआधीही ठाऊक होते.

कॅरमच्या फळीवर हा हिशेब फार देखणा दिसतो. स्पर्धेतील स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा असतो, सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची. सोपेपणासाठी स्ट्रायकर तिप्पट जड धरू आणि टक्कर पूर्ण स्थितिस्थापक मानू. समोरासमोर आघात झाला तर सोंगटी स्ट्रायकरच्या दीडपट वेगाने निघते आणि स्ट्रायकर निम्म्या वेगाने तिच्या मागे जातो. संवेगाचे दोन सारखे वाटे होतात. ऊर्जेचे मात्र तीन भाग सोंगटीकडे, एक भाग स्ट्रायकरकडे. म्हणूनच सरळ नेमात सोंगटीपाठोपाठ स्ट्रायकरही खिशात जाण्याची धास्ती असते.

आता पुन्हा लोहारसाळेकडे. घण पाच किलोचा आणि ऐरण शंभर किलोची समजू. लाल लोखंडावर पडलेला घण उसळत नाही, म्हणजे टकरीनंतर घण, लोखंड आणि ऐरण एकत्रच हलू पाहतात. संवेग टिकवण्यासाठी या १०५ किलोला घणाच्या वेगाचा एकविसावा भाग पुरतो. त्या मंद गतीत मूळ ऊर्जेचे पाच टक्केही राहत नाहीत. उरलेले पंचाण्णव टक्के मधल्या लोखंडात जातात. त्यानेच फाळाला टोक येते, विळ्याला बाक येतो. ऐरण जितकी जड, तितका लोखंडाचा वाटा मोठा. सुताराची गरज याच्या नेमकी उलट आहे. त्याला खिळा चेपायचा नसतो, लाकडात घुसवायचा असतो. हातोडी अर्ध्या किलोची आणि खिळा दहा ग्रॅमचा, म्हणून अठ्ठ्याण्णव टक्के ऊर्जा गतीच्या रूपातच राहते आणि खिळा आत जातो. सुताराने लोहाराची ऐरण आणि लोहाराने सुताराचा खिळा मागितला नाही, यामागे सूत्र नव्हते. अनुभवाचे गणित होते. भालजी पेंढारकरांच्या १९६५ च्या ‘साधी माणसं’ने पडद्यावर आणलेले लोहार दांपत्य प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिले, त्यात ऐरण घरातल्या देवासारखी पुजली जाते. भावना सोडून दिली तरी त्या धंद्यात सर्वांत शांत आणि सर्वांत उपयोगी वस्तू तीच असते: ती हलत नाही, एवढेच तिचे काम.

मराठीत एखादा प्रश्न ‘ऐरणीवर येतो’. या भागातील वाचकांना तर हा वाक्प्रचार वृत्तपत्रांतून इतक्यांदा भेटला आहे की त्याची धार गेली आहे. पण त्याचा मूळ अर्थ भौतिकशास्त्राला धरून आहे. ऐरणीवर जे असते त्याला पळायला जागा नसते. वरून येणारे सारे त्याच्यातच जिरते.

पृथ्वी स्वतः ऐरण झाल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, सुमारे दीडशे मीटर खोल असे हे विवर काळ्या बेसाल्ट खडकात आहे. सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ साली त्याची नोंद केली. त्याआधी ते लवणासुराच्या कथेने प्रसिद्ध होतेच. सभोवती सारा ज्वालामुखीचा खडक, तेव्हा हेही ज्वालामुखीचे तोंड असावे असे मत पुष्कळ काळ टिकले. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तेथील खडकांत मॅस्केलिनाइट सापडल्याचे जाहीर झाले. ही काच वितळून होत नाही. प्रचंड आघाताच्या दाबाने स्फटिकाची रचनाच मोडून पडली की होते. विवराच्या वयाबद्दल मात्र अजून एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे पन्नास हजार वर्षे येते, दुसरीने सुमारे पाच लाख सत्तर हजार.

अवकाशातून येणारा पाषाण वातावरणात शिरताना सेकंदाला निदान अकरा किलोमीटर वेगाने येतो. त्या वेगाला त्याच्या प्रत्येक किलोग्रॅममध्ये सुमारे सहा कोटी ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे तितक्याच वजनाच्या टीएनटी स्फोटकाच्या चौदा पट. संवेगाच्या वहीत ही टक्कर क्षुल्लक आहे. पृथ्वीचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये लिहायचे तर सहावर चोवीस शून्ये द्यावी लागतात. तिने तो सगळा संवेग घेतला आणि तिच्या चालीत मोजता येण्यासारखा फरक पडला नाही. ऊर्जेच्या वहीत मात्र जवळजवळ सगळी रक्कम त्या पाषाणाच्या आणि त्या जागेच्या नावावर पडली. पाषाण बहुतांशी वितळला, वाफ झाला, खडक उडाला. घण नाहीसा झाला आणि ऐरणीवर खळगा राहिला.

लोणारहून पुन्हा सांबऱ्याच्या रस्त्यावर यायचे कारण वेगळे आहे. बेळगाव जिल्हा कर्नाटकातील उसाच्या प्रमुख जिल्ह्यांपैकी एक. गळीत हंगाम सुरू झाला की रात्रंदिवस ट्रॅक्टरमागे उसाने लादलेल्या ट्रॉल्या कारखान्यांकडे चालू लागतात. निपाणी, संकेश्वरकडच्या महामार्गावर आणि गावोगावच्या रस्त्यांवर. एखादी ट्रॉली पंक्चर होऊन रात्री कडेला उभी असते. मागे दिवा नसतो, लाल परावर्तक पट्टी असली तरी लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकलेली असते. मागून दुचाकी येते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येतात, आणि त्यांत वय बहुधा विशीतले किंवा तिशीतले असते.

या चार ओळींचा हिशेब करून पाहू. दुचाकी आणि स्वार मिळून दोनशे किलो, ताशी ६० किलोमीटर. ट्रॅक्टर व भरलेली ट्रॉली मिळून वीस टन. धडकेनंतर सारे एकत्र हलले असे धरले तर त्यांचा वेग सेकंदाला सोळा-सतरा सेंटिमीटर येतो. ट्रॉली हलली हे लक्षातही येणार नाही. संवेगाची वही चोख जुळली. ऊर्जेपैकी ट्रॉलीच्या त्या हलण्यात गेली जेमतेम एक टक्का. नव्याण्णव टक्के धडकेच्या जागी, धडकेच्या क्षणी जिरली. हेच लोहाराच्या ऐरणीचे गणित, आणखी कठोर झालेले. मोटारीत निदान पुढचा पत्रा, इंजिन, पट्टा, पिशवी असे काही मध्ये असते. दुचाकीवर पुढच्या चाकानंतर मधले लोखंड म्हणून उरतो तो स्वार.

वेगाच्या वर्गाची गोष्ट येथे पुन्हा समोर येते. ताशी ४० किलोमीटरची धडक म्हणजे सव्वासहा मीटर उंचीवरून, सुमारे दोन मजल्यांवरून पडणे. ताशी ६० म्हणजे चौदा मीटर. ताशी ८० म्हणजे पंचवीस मीटर, आठ मजले. वेग दुप्पट, मजले चौपट. ‘स ग्राव्हेसांडेच्या मातीतला तो खड्डाच. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून वाकून पाहताना ज्याचे पाय लटपटतात, तोच मनुष्य आठव्या मजल्याइतकी ऊर्जा घेऊन रात्री फरसाण आणायला निघतो. उंची डोळ्यांना दिसते, वेग दिसत नाही, एवढाच फरक.

एका सार्वत्रिक गैरसमजाचाही येथेच निकाल लावता येईल. ताशी साठच्या दोन सारख्या मोटारी समोरासमोर आदळल्या तर ती एकशेवीसने भिंतीवर आदळण्यासारखी धडक होते, असे सुशिक्षितही सांगतात. तसे नाही. हायगेन्सच्या दोन गोळ्यांप्रमाणे त्यांच्या मधली रेषा जागची हलत नाही. प्रत्येकीच्या दृष्टीने तेथे जणू भिंतच आहे आणि ती भिंतीला साठनेच धडकली आहे. ऊर्जा दुप्पट, पण ती जिरवायला मोटारीही दोन. समोरून बस आली तर मात्र हिशेब पार बदलतो. संवेगातील बदल दोघांचा सारखाच. पण बसच्या वेगात किंचित फरक पडतो आणि हलक्या वाहनाचा वेग थांबून उलटा होतो. मोठ्या वाहनातला उतारू ‘आम्हांला नुसता धक्का जाणवला’ असे सांगतो, ते खरेच असते.

ऊर्जा जिरायचीच असेल तर ती किती अंतरात जिरते यावर सारे अवलंबून आहे. हे ज्ञान या मुलखाला परके नाही. आखाड्यातली तांबडी माती चाळून, तेल, ताक, हळद, लिंबू घालून, रोज खोरून मऊ ठेवतात. पाठीवर आपटलेला पैलवान त्या मातीत चार बोटे रुततो आणि उठतो. तोच डाव फरशीवर पडला तर उठणार नाही. पडण्याची ऊर्जा दोन्हीकडे एकच. मातीचा आणखी एक गुण असा की ती त्याला परत उसळवत नाही. उसळणाऱ्या वस्तूच्या संवेगातला बदल थांबणाऱ्या वस्तूपेक्षा अधिक असतो, म्हणजे मारही अधिक. संरक्षणासाठी रबर नको, माती हवी.

हेल्मेटच्या आतला पांढरा थर ही अशीच माती आहे. तो दाट थर्मोकोल असतो. वरचे रंगीत कवच टणक दिसते म्हणून लोक त्याला संरक्षण समजतात. ते आघात पसरवते आणि टोकदार वस्तू आत घुसू देत नाही, पण ऊर्जा जिरवण्याचे मुख्य काम आतला थर करतो, आणि तो ते स्वतः चेपून करतो. दीड मीटर उंचीवरून डोके रस्त्यावर आपटले आणि तीन मिलीमीटर अंतरात थांबले, तर त्यावर सरासरी त्याच्या वजनाच्या सुमारे पाचशे पट बल येते. थर्मोकोल चेपत दोन सेंटिमीटर अंतर मिळाले तर सुमारे पंचाहत्तर पट. कवटीच्या आत मेंदू आहे हे लक्षात घेतले की या दोन आकड्यांमधले अंतर कळते. भारतीय मानक ४१५१ हे शिक्क्यावर छापले जाते ते याच चेपण्याच्या कसोटीसाठी; रस्त्याकडेला टांगलेल्या पातळ टोप्यांत पुष्कळदा नुसता फोम असतो, आणि तो बोटानेही दबतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे केले आहे. मात्र पट्टा हनुवटीखाली बांधलेला नसेल तर पहिल्याच धक्क्यात ते डोक्याआधी रस्त्यावर पोहोचते.

थर्मोकोल हा पूर्ण अस्थितिस्थापक, आणि म्हणूनच एकदाच उपयोगी पडणारा. चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. अपघातातून डोके वाचवलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी त्याचे काम संपलेले असते. ते जपून न ठेवता बदलावे लागते. सांबऱ्याहून बेळगावला येणाऱ्या दुचाकींकडे सकाळी पाहिले तर कित्येकांची हेल्मेटे आरशाला अडकवलेली दिसतात, पोलीस दिसला की घालण्यासाठी. त्यांच्या आतला थर्मोकोल अगदी कोरा असतो.